पन्हाळा ते पावनखिंड, पहिल्यांदाच

शुक्रवार, संध्याकाळ

जुलै उजाडला की कोल्हापुरात गल्लोगल्ली एकच प्रश्न फिरतो, "यंदा पावनखिंड काय?" तालमी, मंडळं, ट्रेकिंगचे ग्रुप, शाळा-कॉलेजची पोरं, सगळ्यांची मोहीम याच दिवसांत निघते. आमचे दाजी वर्षानुवर्षं जातात आणि दरवेळी मला विचारतात. यंदा भाचा म्हणाला, "मामा, तू येणार असशील तर मी पण येतो," आणि आक्कानं दोघांचीही नावं देऊन टाकली. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा मी आणि दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसणारा तो, असे दोन नवशिके दाजींच्या पदरात पडले.

तीन आठवडे हाताशी होते. रंकाळ्याला फेऱ्या सुरू केल्या तेव्हा दाजी म्हणाले, "फेऱ्या मारा की, पण रंकाळ्याला उतार न्हाई. जोतिबा पायऱ्यांनी चढा आन् पायऱ्यांनीच खाली या. येताना गाडीत बसायचं न्हाई." खाली उतरण्यात कसला आलाय व्यायाम, असं भाच्याला वाटलं. त्याचं उत्तर त्याला ट्रेकनंतरच्या मंगळवारी मिळायचं होतं.

बुटांच्या बाबतीत दाजी कडक. दुकानात त्यांनी आधी बूट उलटा करून तळाच्या खाचांत अंगठ्याचं नख घातलं. खाच उथळ असेल तर बूट परत. मग मला मोजे घालून तो पायात चढवायला लावला, बोटं पुढे टेकवून उभं केलं आणि टाचेमागे स्वतःचं बोट सरकवून बघितलं. बोट बसलं तर माप बरोबर. चालून चालून पाय सुजतो आणि उतारावर पुढे सरकतो, तेवढी जागा बोटांपुढे लागतेच. शिवाय नवा बूट थेट डोंगरावर न्यायचा नाही, म्हणून तीन आठवडे मी बाजाराला, दळपाला, सगळीकडे तेच बूट घालून हिंडलो. गल्लीतली पोरं "काय काका, हिमालय काय?" म्हणायची.

आता आदल्या संध्याकाळी दाजींनी आमच्या दोघांच्या सॅका फरशीवर ओतल्या. छत्री बाहेर, वाऱ्यात उलटी होते. जीन्स बाहेर, भिजली की वजन दुप्पट आणि मांड्या सोलून निघतात. जाड सुती टॉवेल बाहेर, त्याच्या जागी पातळ पंचा. आत काय राहिलं? चालायचा एक जोड, झोपायचा एक जोड, मोज्यांचे जास्तीचे जोड, बॅटरी, शिट्टी, दोन लिटर पाणी, खोबरेल तेलाची छोटी बाटली, मिठाची पुडी, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं. आक्काच्या दशम्या, खर्डा, भडंग आणि गूळ-शेंगदाणे. झोपायचा जोड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून दाजींनी वर गाठ मारली आणि बजावलं, "ही पिशवी फक्त रात्री उघडायची. दिवसा कितीबी गारठलासा तरी हिला हात लावायचा न्हाई." शेवटी नेलकटर पुढे केलं. पायाची नखं बारीक कापून घ्या म्हणाले. भाचा हसला. मी मुकाट्यानं कापली.

शनिवार

कोल्हापूरपासून पन्हाळा जेमतेम 20 किलोमीटर. वाघबीळच्या पुढे घाट लागला आणि गाडीच्या काचेबाहेर नुसतं पांढरं झालं. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी दोन-तीन ग्रुप आधीच जमले होते. घोषणा झाल्या, पोहे झाले, चहा झाला.

इतिहास इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो, तरी त्या धुक्यात उभं राहून ऐकताना आकडे वेगळे लागतात. सिद्दी जौहरचा वेढा मार्च 1660 पासून पडलेला, चार महिने झाले तरी उठत नव्हता. 12 जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज निवडक मावळे घेऊन गडाखाली उतरले. शत्रूला चकवायला दुसऱ्या पालखीत शिवा काशीद महाराजांच्या वेशात बसले आणि पकडले जाऊन मारले गेले. पालखी खांद्यावर घेऊन मावळ्यांनी ही वाट रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात कापली. आमच्याकडे दोन दिवस होते, खांद्यावर पालखी नव्हती आणि पोटात पोहे होते.

नवशिक्यानं एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. हा ट्रेक चढानं सुरू होत नाही, उतारानं सुरू होतो. गडावरून खाली जाणारी वाट ओल्या दगडांची, शेवाळलेली. जिथं दगड काळपट-हिरवा दिसतो तिथं पाय ठेवायचा नाही, खडबडीत तांबूस दिसतो तिथं ठेवायचा. दाजींनी उतार सुरू होण्याआधी सगळ्यांना थांबवून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला लावल्या, घोट्याजवळ घट्ट आणि बोटांकडे सैल, म्हणजे पाय आत पुढे घसरत नाही. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, काठी आपल्या आधी खाली. अंग मागे टाकून चालणारे हमखास आपटत होते, कारण भार टाचेवर जातो आणि टाच सुटली की माणूस थेट बुडावर. भाचा पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बसला. मग गुपचूप काठी मागून घेतली.

तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे पडल्यावर मसाई पठाराची चढण लागली. सगळे नवशिके घाबरतात ती हीच. छातीचा भाता होतो हे खरं. तरुण पोरं धावत वर जायची, दगडावर बसायची, आम्ही पोहोचलो की पुन्हा धावायची. दाजींचा वेग मात्र घड्याळाला लावून ठेवल्यासारखा, कुठंच तुटत नव्हता. "बोलता बोलता चढता आलं पायजे. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला समजा. डोंगर काय पळून जातोय व्हय?" म्हणाले आणि खरंच गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीची गोष्ट सांगत वरपर्यंत आले. माथ्यावर धावणारी पोरं आणि आम्ही एकाच वेळी पोहोचलो. फरक एवढाच की पोरं आडवी झाली होती.

भाच्यानं वाटेत त्याचं ज्ञान पाजळलं. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक नियम मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. मोबाइलवर हिशेब करून त्यानं मुक्कामाची वेळही जाहीर केली, दुपारी तीन. दाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात चिखल धरलाय काय?" आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. डोंगरातलं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये, तासात विचारावं, आणि पावसाळ्यात त्या तासांनाही दीडपट धरावी.

मसाई पठार हा सगळ्या वाटेवरचा राजेशाही भाग. जांभ्या दगडाचं सपाट पठार, एक संपलं की दुसरं, त्यावर बोटभर पाण्याचा थर आणि चारी बाजूंनी वारा. झाड नाही, आडोसा नाही. धुकं इतकं की पुढच्या माणसाची सॅक दिसेल तेवढंच अंतर राखून चालायचं. मसाई देवीच्या देवळापाशी आम्ही दशमी-खर्डा खाल्ला, उभ्यानंच, कारण बसलं की गारठा शिरतो. चढताना घामानं आतून भिजलेलं अंग आणि बाहेरून पाऊस, त्यात वारा. दोन-चार मिनिटांत दात वाजायला लागले. नवशिक्याला पावसात थंडी वाजेल हे पटत नाही, जुलैत कोल्हापुरात थंडी कसली? पण ओलं अंग वाऱ्यात उघडं पडलं की वाजते. उपाय एकच, थांबायचं कमी आणि तोंड चालू ठेवायचं. दर तासाला मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, दोन घोट पाणी. पावसात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीत नाहीत आणि दुपारनंतर पोटऱ्यांत गोळे येऊन बसतात. आमच्यातल्या एका पोराचं तसंच झालं. लघवीचा रंग बघ, पिवळी गर्द दिसली तर पाणी कमी पडतंय, हा दाजींचा डॉक्टरी सल्ला पोरांना फार विनोदी वाटला होता, गोळा येईपर्यंत.

(मसाईला फुलांसाठी यायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास या. आणि आलात तर कृपा करून फुलांत लोळून फोटो काढू नका.)

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या एकामागून एक. इथून पुढचा अर्धा दिवस चिखलाचा. आधी चिखलाला चुकवत, काठाकाठानं, उड्या मारत चाललो. थोड्या वेळानं लक्षात येतं की चुकवण्यात दुप्पट दम जातो आणि काठ जास्त निसरडा असतो. मग सगळेच सरळ मधून चालायला लागतात. पाणंदीत जनावरांच्या खुरांनी मळलेला चिखल सगळ्यात वाईट. पाऊल नडगीपर्यंत आत जातं, बाहेर काढताना फचकन आवाज येतो आणि कधी नुसता मोजाच वर येतो. बूट आत. मागच्याला थांबवून, कोपरापर्यंत हात घालून, नाडी चाचपून तो ओढून काढावा लागतो. पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच हलवून हवा आत जाऊ द्यायची, मग येतो. हे शिकवायला कुठलं पुस्तक नको, एक पाणंद पुरते.

शेतांत रोप लावण जोरात होती. अंगावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका ओणव्या होऊन मागे मागे सरकत रोपं टोचत होत्या, गाणी चालू. बांधावरून जाताना आमची वरात बघून एक आजी कंबर सरळ न करताच ओरडल्या, "आरं ल्येकरांनो, बांध फोडू नगासा! एका रांगंनं जावा!" शंभर-दोनशे माणसं एका बांधावरून गेली की बांध खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि नुकसान त्या घरचं. आपण इतिहासाच्या नावानं चालतो, ते पोटासाठी वाकलेले असतात. ग्रुप निवडताना मी तरी एवढं बघेन की म्होरक्या पोरांना बांधावर नीट चालवतो का, आणि प्लास्टिकच्या पिशव्या परत आणायला लावतो का. घोषणा सगळेच देतात.

करपेवाडीला एका घराच्या सोप्यात मुक्काम. चुलीवरची आमटी, भात, नाचणीची भाकरी. भाचा एरवी नाचणीचं नाव काढलं की उठून जातो, त्यानं भाकऱ्या मागून खाल्ल्या.

जेवणाआधी मात्र पायांची तपासणी. दाजी बॅटरी घेऊन एकेकाचे तळवे बघत बसले. दिवसभर पाण्यात राहिलेले पाय पांढरेफटक, सुरकुतलेले. असा पाय कोरडा केला नाही तर दुसऱ्या दिवशी कातडं सुटायला लागतं. पंच्यानं बोटांच्या बेचक्या पुसायच्या, पाय तासभर उघडे ठेवायचे, मग खोबरेल तेल चोळून कोरडे मोजे. जिथं लाल होऊन हुळहुळतंय तिथं फोड येण्याआधीच चिकटपट्टी. फोड आलाच तर कातडं सोलायचं नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूलाही तेल, हे कुणी चारचौघांत सांगत नाही म्हणून लिहितो. गाठ मारलेली ती पिशवी आता उघडली. कोरडी बनियन अंगात घालण्याचं सुख काय असतं, ते असा दिवस काढल्याशिवाय कळायचं नाही.

रविवार

पहाटे दाजींची हाक, "कोरडी कापडं काढा, ओली घाला." बंडच व्हायचं बाकी होतं. पण हिशेब साधा होता. कोरडे कपडे घालून निघालो तर दहा मिनिटांत तेही भिजणार आणि मग दिवसभरात कुणी खरंच गारठला तर घालायला काहीच राहणार नाही. रात्रभर दोरीवर टांगलेली, अजून ठिबकत असलेली पँट पायात ओढताना तोंडातून जे शब्द निघाले ते इथं छापण्यासारखे नाहीत. अर्ध्या तासात अंग तापलं आणि विसरायला झालं.

आजचा भाग रानाचा. झाडी दाट, वाट अरुंद, खाली कुजलेला पाला. चिखलात गव्याचे खूर उमटलेले दिसले, ताजे होते की कालचे यावर बराच वाद झाला. जळवा भेटल्या त्या इथंच. दोऱ्याएवढी बारीक वस्तू मोज्याच्या विणीतून आत शिरते, कळतही नाही, रक्त पिऊन फुगली की दिसते. एकीनं भाच्याच्या पोटरीला धरलं. तो ओढून काढणार तेवढ्यात दाजींनी हात धरला आणि चिमूटभर मीठ टाकलं. आपोआप सुटली. रक्त मात्र बराच वेळ वाहत राहतं, जळूच्या लाळेनं ते लवकर गोठत नाही. घाबरण्यासारखं काही नसतं, धुवायचं आणि चालायला लागायचं. भाच्यानं फोटो काढून आईला पाठवायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती, ते बरंच झालं.

एका ओढ्यापाशी मोहीम अडली. पाणी गढूळ, तळ दिसेना. पोरं "जाऊया की!" म्हणत होती. दाजी आणि दोघे जाणते काठी घेऊन उतरले, गुडघ्याच्या वर पाणी लागलं तसे परत फिरले. "थांबायचं." वरच्या अंगाला पाऊस थांबला की ओढा लवकर उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. बराच वेळ पावसात उभे राहिलो. पाणी गुडघ्याखाली आल्यावर दोर बांधून, सॅकचे छातीवरचे पट्टे सोडून (माणूस पडलाच तर सॅक टाकता आली पाहिजे), एकमेकांच्या दंडाला धरून पार झालो. त्या थांबण्यावर काही जण कुरकुरले. मला विचाराल तर दोन दिवसांत दाजींनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं.

पांढरपाण्याच्या अलीकडे डांबरी रस्ता लागला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. फार टिकलं नाही. चिखलात दमलेले पाय डांबरावर आपटायला लागले की प्रत्येक पाऊल गुडघ्यात जाऊन वाजतं. काही जण रस्ता सोडून कडेच्या गवतातून चालायला लागले. शेवटच्या टप्प्यात कुणीच बोलत नव्हतं, फक्त बुटांतलं पाणी पचपचत होतं.

पावनखिंडीत लोखंडी शिडीनं खाली उतरावं लागतं. गुडघे इतके बोलत होते की मी शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी, लहान पोरासारखा उतरलो. खाली काळ्या कातळांतून पाणी धो धो वाहत होतं. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू इथं उभे राहिले आणि महाराज विशाळगडावर पोहोचल्याच्या तोफा होईपर्यंत त्यांनी सिद्दी मसूदची फौज अडवून धरली, असं इतिहास सांगतो. आधी रात्रभर हीच वाट तुडवून, मग लढून. घोषणा देताना माझा आवाज चिरकला. दाजींनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला पाव्हणं, आता शिडी चढायची हाय."

परतीच्या गाडीत ओल्या मोज्यांचा जो वास होता, त्यावर वेगळा लेख होईल.

सोमवार, मंगळवार

सोमवारी सकाळी मी ठणठणीत होतो. जरा अंग जड, बाकी काही नाही. ऑफिसात जाऊन बढाया मारल्या. मंगळवारी जिना उतरायला गेलो आणि कठड्याला धरून आडवं, खेकड्याच्या चालीनं खाली आलो. चढताना काही नाही, उतरतानाच मांड्या पेटत होत्या. त्याचं कारण असं की उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार पेलतो. सवय नसलेल्या स्नायूवर त्याचा ताण चढणीपेक्षा जास्त पडतो, आणि दुखणं लगेच वर येत नाही, एक-दोन दिवसांनी कळस गाठतं. दाजींनी जोतिबा उतरायला का लावला होता, ते आता दोघांना कळलं. ज्यानं येताना "मामा, माझ्या एका मित्राची गाडी आहे" म्हणून दोनदा पायऱ्या चुकवल्या होत्या, तो मंगळवारी पलंगावरून हाका मारून पाणी मागत होता. अशा वेळी अगदी पडून राहू नये, हळूहळू फिरावं, आराम लवकर पडतो. सांधा सुजला असेल किंवा एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल तर गोष्ट वेगळी, डॉक्टरकडे जावं.

बूट धुऊन, आतली गादी काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवले. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की तळ सुटतो. भाच्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, त्यानं शुक्रवारी नखं कापली नव्हती. माझी दहाच्या दहा शाबूत आहेत आणि ही गोष्ट मी आक्काच्या घरी सगळ्यांना सांगितली आहे.

ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, आम्हाला झेपेल का? दोन दिवसांची ही वाट पहिल्या खेपेला घेऊ नये असंच माझं मत आहे, दाजींसारखा जाणता बरोबर असेल तरच. आधी जोतिबा पायऱ्यांनी वर-खाली करा. मग पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंगेमार्गे मसाई देवीपर्यंत जा आणि त्याच वाटेनं परत या, सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. त्या एका दिवसात उतार, चढ, वारा आणि चिखल सगळ्यांचा वानोळा मिळतो. दोघे येत्या रविवारी जायचं म्हणताहेत. एकाकडे बूट नाहीत, त्याला घेऊन उद्या संध्याकाळी दुकानात जायचंय.